कोकणचे जावई, एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा हुलग्याच्या शेंगोळ्यांची कृती देते असे सांगून मी मोकळी झाले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. किराणा मालाच्या यादीखेरीज हातून फारसे लिहिणे होत नाही. तथापि मध्यंतरी घरात एक गोष्ट घडली आणि शेंगोळी बाजूला राहून हा लेख झाला. चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

माझी धाकटी लेक शाळेच्या संघात फुटबॉल खेळते. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ती घरी आली आणि नवे बूट हवेत म्हणून हटून बसली. कशासाठी म्हणून विचारले, तर सुब्रतो मुखर्जी चषकासाठी तालुक्याचे सामने आहेत असे कळले. हे सुब्रतो मुखर्जी कोण, असे मी तिला विचारले. तिला सांगता येईना. तिच्या मैत्रिणींनाही सांगता येईना. ज्याच्या नावाने खेळायचे तो माणूस कोण हे ठाऊक नसावे, हे काही मला बरे वाटले नाही. शेजारी लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात, त्यांना विचारले. वाचनालयातून पुस्तके आणविली. दुपारची भांडी झाली की थोडे थोडे वाचीत गेले, आणि पाहते तो काय, हे थोर गृहस्थ निघाले आपल्या महाराष्ट्राचे जावई! मग मात्र त्यांच्याविषयी आपल्या मंडळात चार शब्द सांगावेत असे मनाने घेतले.

सुब्रतोंचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास झाला. वडील सतीशचंद्र हे आय.सी.एस. अधिकारी होते. आई चारुलताबाई समाजकार्यात वावरणाऱ्या. चार भावंडांत सुब्रतो शेंडेफळ. भगिनींनो, या घराण्यातल्या बायकांविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सुब्रतोंच्या आजी सरलाबाई रॉय यांनी १९२० साली कलकत्त्यात मुलींसाठी शाळा काढली, आणि तिला नाव दिले आपल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. थोरली बहीण रेणुकाबाई रे पुढे घटना समितीच्या सदस्या झाल्या आणि बायकांना वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे झगडल्या. सरलाबाईंचे वडील दुर्गामोहन दास हे ब्राह्मसमाजी सुधारक. त्यांची सावत्र आई अल्पवयात विधवा झाली होती. दुर्गामोहनांनी लोकनिंदेची पर्वा न करता स्वतः पुढाकार घेऊन तिचा पुनर्विवाह लावून दिला. मुलाने आईचे लग्न लावणे ही गोष्ट आज सुद्धा आपल्याला पचावयास जड जाते. मग दीडशे वर्षांपूर्वी काय झाले असेल, याचा विचार करावा. अशा घरात सुब्रतो वाढले.

त्या काळी हिंदुस्थानाला स्वतःचे हवाई दल नव्हते. आकाशात उडावयाचे ते साहेबाने, आपल्या माणसाने फार तर विमान धुवावे, अशी समजूत होती. नेटिव माणसाला यंत्र कळावयाचे नाही असे उघडपणे बोलले जाई. पुढे इंग्रज सरकारने काही हिंदी तरुणांना विलायतेत क्रॅनवेल येथील हवाई दलाच्या महाविद्यालयात घेण्याचे ठरविले. परीक्षा होऊन सहा जण निवडले गेले, त्यांत सुब्रतो होते. वय अवघे एकोणीस. सहा जणांपैकी एकाचे पाय विमानातल्या पायट्यांपर्यंत पोहोचेनात, म्हणून त्याला भांडाराच्या कामाकडे घालण्यात आले. उरले पाच. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची रीतसर स्थापना झाली आणि त्याच दिवशी या तरुणांना अधिकारपद मिळाले. म्हणूनच आजही ८ ऑक्टोबर हा हवाई दलाचा दिवस मानतात.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिघ रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली. पाच वैमानिक, मूठभर हवाई शिपाई आणि चार जुनी वापिटी विमाने, एवढाच संसार. वापिटी म्हणजे दुहेरी पंखांचे, वर छप्पर नसलेले विमान. वैमानिक पुढे बसे, मागे बंदूकधारी शिपाई, आणि दोघांच्याही तोंडावर सरळ वारा. आमच्या दारच्या जुन्या फटफटीवर बसून भिंगारहून केडगावला जावयाचे म्हटले तरी माझा जीव खाली-वर होतो. हे लोक असल्या उघड्या यंत्रात बसून डोंगरांवरून जात. त्या पाचांतले दोघे आरंभीच्याच काळात अपघातात गेले. बरोबर शिकलेले, एका ताटात जेवलेले सोबती असे डोळ्यांदेखत गेल्यावर दुसऱ्याने उडणे सोडून दिले असते. सुब्रतोंनी सोडले नाही. आपण मागे सरलो तर हिंदी माणसाला हे जमत नाही असे म्हणावयास साहेब टपलेलाच होता, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे ही तुकडी वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानात गेली. तेथे मिरानशाहच्या किल्ल्यातून टोळीवाल्यांच्या मुलखावर उडावे लागे. उघडे बोडके डोंगर, खाली नेमबाज पठाण, आणि विमान बंद पडून खाली उतरावे लागले तर जीव वाचण्याची आशा थोडीच. १९४० सालची तेथली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. आपली एक लष्करी चौकी टोळीवाल्यांनी घेरली होती आणि चौकीतल्या जवानांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. सुब्रतो वरून पाहणी करीत होते. मदत येईपर्यंत चौकी टिकणार नाही हे त्यांनी ओळखले. मग त्यांच्या मागे बसलेल्या हवाई शिपायाने विमानातल्या बंदुकीच्या गोळ्या एकेक करून काढल्या, मोज्यांत भरल्या, आणि विमान अगदी खाली आणून ते मोजे चौकीवर टाकण्यात आले. त्या गोळ्यांवर चौकीने तग धरला. या हकिकतीत मला मोठे नवल वाटले ते मोज्यांचे. अडचणीच्या वेळी हाताशी जे असेल त्यावर निभावून न्यावयाचे, ही तर आपली रोजची स्वयंपाकघरातली विद्या. सुब्रतोंनी ती आकाशात चालविली.

१९३९ साल त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ते तुकडीचे प्रमुख झाले. हवाई तुकडीचे प्रमुखपद मिळालेले ते पहिले भारतीय होत. आणि त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. वधू शारदा पंडित. पंडित घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या बांबुळी गावचे. आजोबा राजकोटला बॅरिस्टर म्हणून नावारूपास आले, म्हणून शारदाबाईंचा जन्म १९१९ साली राजकोटास झाला. शिक्षण मुंबईस. लग्नाच्या वेळी त्या वीस वर्षांच्या होत्या. मुलगी मराठी, मुलगा बंगाली, भाषा निराळी, खाणे निराळे. शिवाय नवऱ्याची नोकरी अशी की सकाळी घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी येईलच याचा भरवसा नाही. आपल्याकडे मुलगी द्यावयाची तर आधी नोकरी आणि शेतीवाडी पाहतात. त्या दृष्टीने पाहता या विवाहाला दोन्ही घरच्या माणसांचे मन मोठेच असले पाहिजे.

या पंडित घराण्याचा आपल्या नगरशीही एक दुरून संबंध पोहोचतो. शारदाबाईंचे काका रणजित पंडित हे जवाहरलाल नेहरूंच्या बहिणीचे, विजयालक्ष्मीबाईंचे यजमान. संस्कृतातली राजतरंगिणी इंग्रजीत आणणारे हे विद्वान गृहस्थ जानेवारी १९४४ मध्ये वारले. त्या वेळी नेहरू आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. बहिणीचे कुंकू पुसले गेले आणि भाऊ आपल्या या किल्ल्याच्या भिंतीआड. किल्ल्यावरून जाताना मला आता ही गोष्ट आठवते. विजयालक्ष्मीबाईंच्या पदरी तीन मुली होत्या. पण त्या घरात बसून राहिल्या नाहीत. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या त्या अध्यक्षा झाल्या, आणि त्या जागी बसलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. शारदाबाईंना हे उदाहरण घरातच होते. पुढे त्याचा संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवले.

महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, कोहाट येथील हवाई तळ सुब्रतोंच्या हाती देण्यात आला. हाही मान पहिल्यांदाच एका भारतीयाला मिळत होता. मग १९४७ साल उजाडले. स्वातंत्र्य आले, त्याबरोबर फाळणीही आली. दोघे भाऊ वेगळे निघाले म्हणजे घरात भांडीकुंडी, गुरेढोरे, विहिरीचे पाणीसुद्धा वाटून घेतात. तसेच सैन्याचे झाले. विमाने वाटली, यंत्रसामग्री वाटली, माणसे वाटली. हवाई दलातले सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकारी या नात्याने या वाटपाच्या कामात सुब्रतोंना बसावे लागले. ज्या कराचीत तुकडी जन्मली, ज्या मिरानशाहात आणि कोहाटात त्यांनी उमेदीची वर्षे काढली, ती सगळी ठिकाणे सरहद्दीपलीकडे गेली. कालपर्यंत एका तंबूत राहिलेले सोबती परदेशचे झाले. लगेच ऑक्टोबरात काश्मीरचे युद्ध उभे राहिले आणि डाकोटा विमानांतून श्रीनगरला फौजा उतरवाव्या लागल्या. वाटणीनंतर चूल नीट पेटलीही नाही तोच दारात पाहुण्यांची पंगत यावी, तशातली ही गत होती.

स्वातंत्र्यानंतरही हवाई दलाचे प्रमुखपद काही वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांकडेच होते. भूदलाला १९४९ साली भारतीय सेनापती मिळाला, हवाई दलाला आणखी पाच वर्षे थांबावे लागले. कारण उघड होते. भूदल जुने, हवाई दल कालचे पोर. ही वर्षे सुब्रतोंनी दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर राहून काम शिकण्यात घालविली. अखेर १ एप्रिल १९५४ रोजी ते भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. चार विमानांची ती पहिली तुकडी उभी राहिली होती, त्यालाही त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे पूर्ण होत होती. वय त्रेचाळीस. पुढल्या सहा वर्षांत त्यांच्या कारकिर्दीत मिस्टिअर, हंटर, कॅनबेरा, नॅट अशी नव्या तऱ्हेची जेट विमाने दलात आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी विमाने ही कॅनबेराच होती. तो दिवस पाहण्यास मात्र सुब्रतो नव्हते.

इतक्या मोठ्या हुद्द्यावर असूनही मुलांच्या खेळाकडे त्यांचे लक्ष होते. देशातल्या शाळांशाळांतून मुलांनी फुटबॉल खेळावा, गावोगावच्या चांगल्या खेळाडूंना दिल्लीपर्यंत येण्याची संधी मिळावी, ही कल्पना त्यांची. १९६० साली त्या स्पर्धेस आरंभ झाला. तीच ही सुब्रतो चषकाची स्पर्धा. २०१२ सालापासून त्यात मुलींचेही सामने होतात. माझी लेक बुटांसाठी हटून बसली, त्याचे मूळ असे येथे आहे.

१९६० च्या नोव्हेंबर महिन्यात एअर इंडियाची जपानला जाणारी नवी विमानसेवा सुरू झाली. तिच्या पहिल्या विमानातून सुब्रतो टोकियोला गेले. ८ नोव्हेंबरला तेथे एका उपाहारगृहात ते एका स्नेह्याबरोबर जेवावयास बसले असता घास श्वासनलिकेत अडकला. वैद्यकीय मदत येईपर्यंत सारे संपले होते. उघड्या विमानात बसून ज्यांनी पठाणांच्या गोळ्या चुकविल्या, ज्यांचे सोबती आकाशातून पडून मेले, त्या माणसाला मरण आले ते जेवताना, एका घासाने. दैवाची गती कोणाला कळली आहे? वय एकोणपन्नास. अजून निवृत्तही व्हावयाचे होते. दिल्लीस लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. नोकरी संपवून निवांतपणे बायकामुलांत बसण्याचे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही.

इतरांच्या चरित्रात नवरा वारला की लेख संपतो. बायकोचे पुढे काय झाले हे कोणी लिहीत नाही. मला मात्र तेच जाणून घ्यावयाचे होते. शारदाबाई त्या वेळी एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. एक मुलगा. लग्नाला एकवीस वर्षे झाली होती. त्या नंतरच्या दोन वर्षांच्या आत, १९६२ साली, त्या रत्नागिरीतून लोकसभेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. ज्या कोकणातून आजोळपणजोळ उठून राजकोटला गेले होते, त्याच कोकणातल्या लोकांनी आपली लेक म्हणून त्यांना दिल्लीस पाठविले. १९६७ साली पुन्हा निवडून दिले. पुढे १९७७ साली त्या आंध्र प्रदेशाच्या राज्यपाल झाल्या आणि १९७८ पासून १९८३ पर्यंत गुजरातच्या. ज्या प्रांतात त्या जन्मल्या, तेथेच राज्यपाल म्हणून गेल्या. २००७ साली त्यांचे निधन झाले. यजमानांच्या मागे त्या सेहेचाळीस वर्षे जगल्या, आणि ती वर्षे त्यांनी कामात घालविली.

हे वाचीत असताना माझ्या मनाला सारखी टोचणी लागली होती. ती येथे सांगितली नाही तर या लेखाला अर्थ राहणार नाही. माझे थोरले दीर मालट्रक चालवीत. सहा वर्षांपूर्वी ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. थोरल्या जाऊबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. स्वयंपाकाला, शिवणाला, लिहिण्यावाचण्याला माझ्यापेक्षा किती तरी हुशार. संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू असते. गेली सहा वर्षे जाऊबाई त्या दिवशी आत बसून तिळगुळाच्या पुड्या बांधतात, वाण मांडून देतात, आणि बाहेर बायका जमल्या की मागच्या दाराने पाणी भरावयास जातात. त्यांना आत बसा असे कोणी सांगितले नाही. पण बाहेर या असेही कोणी म्हटले नाही. त्यांत मी आले. हाती हळदीकुंकवाचे करंडे घेऊन सगळ्यांपुढे मीच तर फिरत होते.

मी सासूबाईंना किंवा शेजाऱ्यांना दोष देत नाही. रूढी म्हणून चालत आले ते आपण चालविले. परंतु शारदाबाईंना त्यांच्या कोकणाने मागच्या दाराने पाठविले असते, तर त्या लोकसभेत कशा गेल्या असत्या? आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? २०२४ साली आपल्या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या अहिल्यादेवी आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेक. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे यजमान खंडेराव पडले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी राज्य सांभाळले. पत्रावर, एस.टी.च्या पाटीवर आपण आज त्यांचे नाव लिहितो. आणि घरातल्या विधवेला मात्र हळदीकुंकवाच्या वेळी पाण्याला पाठवितो. हे दोन्ही एका घरात कसे राहावे?

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आधी जाऊबाईंनाच वाचून दाखविला. त्यांच्याविषयी लिहिलेला भाग ठेवू का काढू, म्हणून विचारले. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही. शारदाबाईंना मुले किती, एवढेच विचारले. एक मुलगा, असे मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि दूध उतू जाईल म्हणून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मात्र आपण होऊन म्हणाल्या, की लेख आहे तसाच राहू दे.

तेव्हा भगिनींनो, माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावावे. कपाळी कुंकू कोणाच्या आहे आणि कोणाच्या नाही हे पाहू नये. ज्यांना लावून घ्यावयाचे त्यांना लावावे, ज्यांचे मन धजत नाही त्यांना आग्रह करू नये, पण वाण आणि तिळगूळ सर्वांच्या हाती सारखेच द्यावे. कोणाला हे पटणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी भांडण नाही. बैठकीत बोलू. आमच्या घरी मात्र यंदा वाण वाटावयास थोरल्या जाऊबाई उभ्या राहतील, आणि तिळगुळाच्या पुड्या मी बांधीन.

जाता जाता, लेकीचा संघ तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात हरला. बूट मात्र चांगले टिकले आहेत. पुढल्या वर्षी पुन्हा खेळणार म्हणते. आता तिला आणि तिच्या संघातल्या सगळ्या मुलींना सुब्रतो मुखर्जी कोण होते ते ठाऊक आहे, आणि शारदाबाई कोण होत्या तेही.

हुलग्याच्या शेंगोळ्यांची कृती पुढल्या स्मरणिकेत देईन.